अमेरिकेतलं यादवी युद्ध: 'राज्यांचे हक्क' कोणी, कधी आणि कशासाठी काढले?

प्रश्न नेहमीचाच आहे. १८६१ ते १८६५ चं अमेरिकेतलं यादवी युद्ध गुलामगिरीवरून पेटलं की राज्यांच्या हक्कांवरून? काही पुस्तकं दोन्ही कारणं शेजारी शेजारी मांडतात, वर आयात कराचं तिसरं घालतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की तिन्हींना सारखेच गुण द्यायचे.

उत्तर आधी देतो, पुरावा मागाहून. दक्षिणेतली राज्यं फुटली ती गुलामगिरी वाचवायला. 'राज्यांचे हक्क' हा त्या भांडणातला वकिली मुद्दा होता आणि तो दोन्ही पक्षकारांनी वापरला. ज्याच्या हातात केंद्र नसेल, त्याला राज्यांचे हक्क आठवायचे. १८५० ते १८६० या दहा वर्षांत तर केंद्राने आणखी दंडेली करावी, ही मागणी दक्षिणेचीच होती. हे एकदा लक्षात आलं की पुढचा सगळा गुंता सुटायला लागतो.

आपल्याकडच्या वाचकाची एक अडचण आधीच दूर करायला हवी. आपल्या घटनेच्या कलम ३ नुसार संसद राज्याच्या सीमा बदलू शकते, नवं राज्य काढू शकते. अमेरिकेत तेरा राज्यं आधी होती, केंद्र नंतर आलं, आणि राज्याच्या संमतीवाचून त्याची हद्द काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, बदलता येत नाही. त्यामुळे 'आम्ही करार केला होता, तो मोडू शकतो' हा युक्तिवाद तिथे आजच्या भारतीय कानाला वाटतो तितका वेडगळ नव्हता. त्याला कायदेशीर वजन होतं. प्रश्न एवढाच, की ते वजन कोणत्या पारड्यात टाकलं गेलं.

१७८७ च्या घटनेत 'गुलाम' हा शब्द शोधून सापडत नाही, पण गुलामगिरीची सोय तीन ठिकाणी केलेली आहे. १८०८ पर्यंत गुलामांच्या आयातीवर केंद्राला बंदी घालता येणार नव्हती. पळालेला गुलाम ज्या राज्यात सापडेल त्या राज्याने तो मालकाला परत करायचा होता. आणि प्रतिनिधिगृहातल्या जागा ठरवताना गुलामांची तीन पंचमांश संख्या मोजायची होती. हे तिसरं कलम आकडे घातल्याशिवाय कळत नाही. १८६० च्या जनगणनेत साउथ कॅरोलायनाची लोकसंख्या ७,०३,७०८ होती. त्यांपैकी ४,०२,४०६ गुलाम. म्हणजे स्वतंत्र माणसं ३,०१,३०२. पण गुलामांचे तीन पंचमांश, म्हणजे २,४१,४४३, त्यात मिळवले की जागांसाठीची लोकसंख्या होते ५,४२,७४५. मत देण्याचा अधिकार नसलेल्या माणसांच्या डोक्यांवर मालकांचं राजकीय वजन ८० टक्क्यांनी वाढलं. अध्यक्ष निवडणाऱ्या मंडळातली मतंही याच हिशोबाने ठरत. गुलामगिरी नुसती शेतीची पद्धत नव्हती, ती दिल्लीतल्या खासदारकीसारखी वॉशिंग्टनमधली सत्ता होती.

घटना लिहिणाऱ्यांपैकी अनेकांना वाटत होतं की हा प्रकार आपोआप मरेल. १७९३ च्या कापूस जिनने, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्राने, तो अंदाज उलटवला. आखूड धाग्याचा कापूस आतल्या प्रदेशात अमाप पिकायचा, पण सरकी हाताने सोडवणं परवडत नव्हतं; यंत्र आल्यावर परवडलं. १७९० मध्ये सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये ३९ लाख ५० हजारांच्या वर. त्या वर्षी कापसाच्या जवळपास ४० लाख गाठी निघाल्या आणि देशाच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक किंमत एकट्या कापसाची होती. गुलामांची बाजारातली एकूण किंमत ३ अब्ज डॉलरच्या वर धरतात, देशातल्या सगळ्या रेल्वे आणि कारखान्यांत गुंतलेल्या भांडवलापेक्षा जास्त. त्या भांडवलावर कर्ज निघायचं, गहाणखत व्हायचं, लेकीच्या लग्नात ते दिलं जायचं. असं भांडवल 'हळूहळू सोडून द्या' म्हणून कोणी सोडत नाही.

पण जमीन कापसाने थकते आणि गुलामांची किंमत नवी जमीन मिळत राहिली तरच चढी राहते. म्हणून भांडण जुन्या राज्यांत झालंच नाही. ते पश्चिमेकडच्या, अजून राज्य न झालेल्या प्रदेशांवरून झालं. प्रत्येक नवं राज्य म्हणजे सिनेटमध्ये दोन मतं. १८२० मध्ये ११ गुलामी आणि ११ मुक्त अशी बरोबरी होती. मिसूरी गुलामी राज्य म्हणून घेतलं तेव्हा मेन हे मुक्त राज्य सोबत घेऊन काटा सांभाळला, आणि लुइझियाना खरेदीतल्या, म्हणजे फ्रान्सकडून विकत घेतलेल्या, बाकीच्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरी नको, असं ठरलं. तीस वर्षं हा तराजू कसाबसा टिकला. मेक्सिकोशी १८४६ ते १८४८ मध्ये झालेल्या युद्धाने एवढी जमीन आली की तराजूच अपुरा पडला. १८५० मध्ये कॅलिफोर्निया मुक्त राज्य म्हणून आलं आणि १५-१५ चे १६-१५ झाले. मिनेसोटा आणि ऑरेगॉन आल्यावर १८५९ मध्ये १८-१५. दक्षिणेतल्या पुढाऱ्यांची झोप उडाली ती या आकड्यांनी.

मधल्या १८३२ च्या प्रसंगाचा दाखला नेहमी दिला जातो: साउथ कॅरोलायनाने केंद्राचा आयात कर आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवला, अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनने सैन्याची धमकी दिली, शेवटी १८३३ मध्ये कर कमी करून प्रकरण मिटलं. इथे 'राज्यांचे हक्क' उघड वापरले गेले, हे खरं. पण या सिद्धांताचा कर्ता जॉन काल्हून याने १८३० च्या एका पत्रातच लिहून ठेवलंय की कर हे निमित्त आहे, खरं कारण दक्षिणेतली ती 'विशेष' गृहव्यवस्था, म्हणजे गुलामगिरी. आज कर लादणारं केंद्र उद्या गुलाम सोडवू शकेल, ही धास्ती. आणि त्या वेळी दुसरं एकही दक्षिणी राज्य मदतीला गेलं नाही, हेही विसरू नये. नुसत्या करावरून कोणी फुटायला तयार नव्हतं.

आता ज्या कागदाकडे नीट बघायला हवं तो म्हणजे १८५० चा फरारी गुलाम कायदा. सगळा वाद याच्या कलमांत दिसतो. गुलाम पळून उत्तरेत गेला की मालक किंवा त्याचा माणूस जाऊन दावा करायचा. दावा चालायचा केंद्राने नेमलेल्या कमिशनरपुढे, ज्युरी नाही. ज्याला पकडलंय त्याची स्वतःची साक्ष ग्राह्य नाही. मालकाने स्वतःच्या राज्यातल्या कोर्टातून 'अमुक वर्णनाचा माझा गुलाम पळाला' असा दाखला आणला असेल तर पळाल्याबद्दलचा तो निर्णायक पुरावा. कमिशनरने माणूस गुलाम ठरवून परत पाठवला तर त्याची फी १० डॉलर. सोडून दिला तर ५ डॉलर. (समर्थन असं, की परत पाठवताना कागदपत्रं जास्त करावी लागतात. उत्तरेत यावर कोणाचा विश्वास बसला नाही.) मार्शलने, म्हणजे केंद्राच्या पोलीस अधिकाऱ्याने, वॉरंट बजावायला नकार दिला तर त्याला १,००० डॉलर दंड, आणि ताब्यातला माणूस निसटला तर त्याची पूर्ण किंमत मार्शलकडून वसूल. रस्त्यावरच्या कोणालाही पकडायला मदत करण्याचा हुकूम देता येई. आडकाठी केली किंवा लपवलं तर १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद, शिवाय मालकाला नुकसानभरपाई वेगळी. वाटेत लोक सोडवतील अशी भीती असेल तर लागतील तितकी माणसं नेमून गुलामाला मालकाच्या राज्यात पोचवायचं, आणि तो खर्च केंद्राच्या खजिन्यातून.

हा कायदा दक्षिणेने मागून घेतला. राज्याच्या कोर्टांना, पोलिसांना, ज्युरीला बाजूला सारून केंद्राचा अधिकारी थेट गावात घुसवणारा एवढा कडक कायदा तोवर क्वचितच झाला असेल. १८५४ मध्ये बोस्टनमधून अँथनी बर्न्स या एका माणसाला जहाजापर्यंत न्यायला मरीन सैनिक आणि तोफ रस्त्यावर आणावी लागली. म्हणजे बोस्टनच्या दुकानदाराला, ज्याने आयुष्यात मळा पाहिला नव्हता, गुलामगिरी दारात येऊन दिसली.

आणि उत्तरेने काय केलं? राज्यांचे हक्क काढले. मॅसॅच्युसेट्स, व्हरमाँट वगैरे राज्यांनी 'व्यक्तिस्वातंत्र्य कायदे' केले: आमचे तुरुंग वापरायला मिळणार नाहीत, आमचे अधिकारी मदत करणार नाहीत, पकडलेल्याला वकील आणि ज्युरी मिळेल. विस्कॉन्सिनमध्ये मिसूरीहून पळालेल्या जोशुआ ग्लोव्हरला लोकांनी १८५४ मध्ये मिल्वॉकीचा तुरुंग फोडून सोडवलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फरारी गुलाम कायदाच घटनाबाह्य ठरवला. १८५९ मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल एकमताने फिरवला, तेव्हा विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने राज्याच्या सार्वभौमत्वाचा ठराव केला, तोही, केंद्राचा कायदा राज्य नाकारू शकतं असं म्हणणाऱ्या १७९८ च्या केंटकी ठरावाची भाषा उसनी घेऊन. काल्हूनची परंपरा जिथून सुरू झाली, तोच मजकूर! फरक एवढा की आता तो गुलाम सोडवायला वापरला जात होता, आणि दक्षिण त्याला बंडखोरी म्हणत होती.

कॅन्ससची हकिकत सगळ्या पुस्तकांत असते, म्हणून थोडक्यात. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने १८२० ची अक्षांशाची रेघ पुसली आणि 'तिथल्या वस्तीने ठरवावं' असं म्हटलं. मग दोन्हीकडून माणसं आणि बंदुका तिकडे गेल्या. त्या कायद्याच्या रागातून, प्रदेशांत गुलामगिरी पसरू देऊ नये असं म्हणणारा रिपब्लिकन पक्ष जन्मला. ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढवलेल्या खटल्याच्या १८५७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश टॉनी यांनी म्हटलं की काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही आणि काँग्रेसला प्रदेशांत गुलामगिरी रोखता येत नाही. या निकालाने तिथल्या वस्तीचा ठरवण्याचा हक्कही लटका पडला. तरी दक्षिणेचं समाधान झालं नाही. १८६० च्या एप्रिलमध्ये चार्ल्स्टनला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं तेव्हा दक्षिणी प्रतिनिधींनी मागणी केली की प्रदेशांत गुलामांच्या मालकीला केंद्राने संरक्षण द्यावं. ती फेटाळल्यावर ते उठून गेले. पक्ष दुभंगला आणि नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन उमेदवार लिंकन अध्यक्ष म्हणून सुमारे ४० टक्के मतांवर, पण ३०३ पैकी १८० निर्वाचक मतं घेऊन निवडून आला. दक्षिणेतल्या दहा राज्यांत त्याच्या नावाच्या मतपत्रिकाच नव्हत्या.

इथे हमखास विचारलं जातं: लिंकन तर म्हणत होता की आहे तिथल्या गुलामगिरीला हात लावणार नाही, मग फुटायचं कारण काय? कारण केंद्राच्या हातात बाकीच्या चाव्या होत्या. प्रदेश बंद झाले की नवी गुलामी राज्यं नाहीत. न्यायाधीश, मार्शल, जकात अधिकारी, पोस्टमास्तर अध्यक्ष नेमतो. पोस्टमास्तर हे क्षुल्लक वाटेल, पण १८३५ मध्ये चार्ल्स्टनच्या पोस्टातून गुलामगिरीविरोधी पत्रकं काढून जमावाने जाळली होती आणि नंतर दक्षिणेतले पोस्टमास्तर असं टपाल वाटतच नसत. रिपब्लिकन पोस्टमास्तर ते वाटील, गुलाम न बाळगणाऱ्या गरीब गोऱ्यांमध्ये त्या पक्षाची शाखा उभी राहील, ही भीती तिथल्या वर्तमानपत्रांत उघड लिहिली जात होती. काँग्रेसने मार्च १८६१ च्या सुरुवातीपर्यंत आहे तिथल्या गुलामगिरीला कायमचं अभय देणारी घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांत मंजूर करूनही फुटलेलं एकही राज्य परत आलं नाही, त्याचं कारण हेच. आहे तेवढं राखून भागणार नव्हतं. वाढ हवी होती आणि वाढीसाठी केंद्र हवं होतं.

फुटण्याची कारणं फुटणाऱ्यांनीच लिहून ठेवलीत, तेव्हा अंदाज बांधायची गरज नाही. साउथ कॅरोलायना २० डिसेंबर १८६० ला १६९ विरुद्ध ० मतांनी बाहेर पडलं; १ फेब्रुवारीपर्यंत आणखी सहा. त्यांपैकी चार राज्यांनी, म्हणजे साउथ कॅरोलायना, मिसिसिपी, जॉर्जिया आणि टेक्सासने, सविस्तर जाहीरनामे काढले. मिसिसिपीचा सुरुवातीलाच म्हणतो की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे. साउथ कॅरोलायनाचा जाहीरनामा तर 'राज्यांचे हक्क' या प्रश्नाचं उत्तरच आहे: उत्तरेतल्या डझनभर राज्यांनी फरारी गुलाम परत करण्याचं कलम कायदे करून निकामी केलं, न्यूयॉर्कमधून गुलाम घेऊन जातासुद्धा येत नाही, काही राज्यांनी काळ्यांना नागरिक केलं, गुलामगिरीविरोधी संस्था स्थापू दिल्या. ही सगळी तक्रार उत्तरेतल्या राज्यांनी आपले हक्क वापरले म्हणून आहे.

करवाल्यांना याच कागदात फार आधार मिळत नाही. साउथ कॅरोलायनाने सोबत काढलेल्या दुसऱ्या आवाहनात कराचा विषय आहे, जॉर्जियाच्या जाहीरनाम्यात उत्तरेच्या व्यापाऱ्यांना मिळालेल्या सवलतींची जुनी उणीदुणी आहेत. पण तो वाद १८४६ मध्ये आपल्या बाजूने सुटला, असंही जॉर्जियाच सांगतं. १८५७ चे दर फार कमी होते. ज्या मॉरिल करवाढीकडे बोट दाखवलं जातं ती २ मार्च १८६१ ची. फुटलेल्या राज्यांचे बहुतेक सिनेटर निघून गेल्यामुळेच ती मंजूर होऊ शकली. परिणामाला कारण म्हणायची चूक इथे सर्रास होते.

फुटलेल्या राज्यांच्या कॉन्फेडरसीची मार्च १८६१ ची घटना जुन्या घटनेशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहावी. बरंचसं जसंच्या तसं उतरवलेलं आहे, त्यामुळे बदललेले शब्द लगेच डोळ्यांत भरतात. प्रस्तावनेत प्रत्येक राज्य 'सार्वभौम' म्हटलंय, संरक्षक आयात कराला मनाई आहे. पण गुलामांवरची मालकी नाकारणारा कायदा काँग्रेसला कधीच करता येणार नाही. प्रत्येक नागरिकाला आपले गुलाम घेऊन कोणत्याही राज्यात येण्याजाण्याचा, राहण्याचा हक्क आहे. नव्या प्रदेशांत गुलामगिरी मान्य झालीच पाहिजे. पाहुण्याचे गुलाम हद्दीत येऊ नयेत असं एखाद्या राज्याला वाटलं तरी त्याला सोय नाही. फुटून निघण्याचा हक्क मात्र शब्दांत कुठेही लिहिलेला नाही.

राहिला 'बहुतेक सैनिकांकडे गुलाम नव्हते' हा मुद्दा. गुलामी राज्यांत साधारण चारातल्या एका कुटुंबाकडे गुलाम होते, साउथ कॅरोलायना आणि मिसिसिपीत जवळपास निम्म्यांकडे. ज्यांच्याकडे नव्हते त्यांतले काही भाड्याने घ्यायचे, काहींना पुढे घ्यायचे होते, आणि सगळ्यांना वर्णव्यवस्थेत गोऱ्याची पायरी मिळत होती. नकाशा मात्र बोलका आहे: जिथे गुलाम विरळ तिथे फुटीला विरोध, मग ते पूर्व टेनेसी असो की व्हर्जिनियाचा डोंगराळ पश्चिम भाग. तो भाग १८६३ मध्ये वेगळं राज्य झाला.

एक भेद मात्र पाळायलाच हवा. राज्यं का फुटली हा एक प्रश्न, आणि फुटल्यावर लढाई का झाली हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नात राज्यांच्या हक्कांना खरी जागा आहे. चार्ल्स्टनच्या बंदरातल्या फोर्ट समटर या केंद्राच्या ताब्यातल्या किल्ल्यात मेजर अँडरसनच्या हाताखाली जेमतेम ८५ सैनिक होते आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत पुरेल एवढाच शिधा. लिंकनने राज्यपालाला आधी कळवून फक्त अन्न पाठवायचं ठरवलं. कॉन्फेडरसीने ते पोचायच्या आत १२ एप्रिल १८६१ ला पहाटे साडेचारला तोफा डागल्या. दीडेक दिवस मारा चालला, त्यात कोणी मेलं नाही. शरणागतीनंतर झेंड्याला सलामी देताना झालेल्या स्फोटात मात्र एक सैनिक गेला. १५ तारखेला लिंकनने राज्यांकडे ७५,००० सैनिक मागितले. व्हर्जिनियाच्या सभेने ४ एप्रिलला फुटीचा ठराव ८८ विरुद्ध ४५ मतांनी फेटाळला होता. १७ एप्रिलला तोच ८८ विरुद्ध ५५ ने मंजूर झाला. शेजारच्या राज्यावर चाल करून जाणार नाही, ही त्यांची भावना खरी होती. आर्कान्सा, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना मागोमाग गेली. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसूरी ही गुलामी राज्यं मात्र संघराज्यातच राहिली, आणि त्यांना सांभाळायचं म्हणून लिंकनने सुरुवातीला मुक्तीची भाषा टाळली. उत्तर लढायला उतरली ती संघराज्य टिकवायला. गुलामच मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांत येऊ लागले, मे १८६१ मध्ये व्हर्जिनियातल्या, उत्तरेच्या ताब्यातल्या फोर्ट मनरो या किल्ल्यात आलेले तिघे त्यांतले पहिले, तेव्हा सरकारला भूमिका घ्यावी लागली. १ जानेवारी १८६३ ला मुक्तीची घोषणा झाली आणि शेवटी सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेच्या सैन्यात होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीबद्दल. तो गौरव युद्धाच्या फलिताचा आहे. त्यावरून उत्तर पहिल्या दिवसापासून मुक्तीसाठी लढत होती असं समजू नये.

या विषयावर कोणाचंही वाक्य उद्धृत करताना आधी त्याची तारीख बघावी. १८६०-६१ च्या हिवाळ्यातली वाक्यं आणि १८६५ नंतरची वाक्यं यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं, माणूस तोच असला तरी. कॉन्फेडरसीचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स २१ मार्च १८६१ ला सव्हानाच्या सभेत म्हणाला होता की आमच्या नव्या सरकारची कोनशिला म्हणजे काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी हीच त्याची स्वाभाविक अवस्था आहे, हे सत्य. युद्ध हरल्यावर, १८६८ पासून, त्याच स्टीफन्सने दोन जाडजूड खंड लिहिले. त्यांत झगडा आहे तो केंद्रवाद आणि राज्यांच्या सार्वभौमत्वाचा, आणि गुलामगिरी हा त्यात नुसता निमित्ताचा विषय. पुस्तकांतलं 'दोन्ही कारणं सारखी' हे वळण तिथून आलेलं आहे.